उजव्या कोपऱ्यात बाबा गेले

माझ्या कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात दिवसभर कोणी ना कोणी टपकत असतं. टुंग वाजतं, एक चौकोन वर येतो, पाच सेकंद थांबतो आणि जातो. "मोठी बातमी". मोठी बातमी काय, तर कुठल्याशा नटीने केस कापले. मग आमच्या उमेळ्यात तासाभरात पावसाची शक्यता, आणि खिडकीबाहेर बघावं तर रणरणतं ऊन. मग सोसायटीचं ॲप, गेटवर पाहुणा आलाय, परवानगी द्या. पाहुणा म्हणजे दूधवाला, जो गेली सात वर्षं रोज येतो. एकदा वांग्याच्या भरताची कृती बघायला एका साइटवर गेले, तिने विचारलं, नोटिफिकेशन पाठवू का? मी आपलं "अलाउ" दाबलं. तेव्हापासून ती रोज साडेदहाला मला विचारते, आज काय बनवताय? तुला काय करायचंय, भवाने!

नवरा म्हणायचा, सगळं बंद करून टाक ना, दोन मिनिटांचं काम आहे. पण मला बंद करायचं नव्हतं. त्या सगळ्या कचऱ्यात एक चौकोन मला हवा होता, आणि तो चुकेल म्हणून मी बाकीचे सोसत होते.

त्याचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखलं. तीन दिवस हॉस्पिटलात होते. मला कधी कळलं? चौथ्या दिवशी, मासळीबाजारात. नेहमीच्या कोळणीने पापलेटं पिशवीत टाकता टाकता विचारलं, "बाबा कसं हायेत गं आता?" मी म्हटलं, "कसे म्हणजे? बरे आहेत." ती माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या बापाला सलाइन लागलं होतं हे मासेवालीला माहीत, आणि मला नाही! तिथूनच धाकट्या भावाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "अगं, तुझं ऑफिस असतं, तुझं घर आहे, तुला कशाला उगाच टेन्शन." मी काय अमेरिकेत राहते? उमेळ्याहून गिरीजला, माझ्या माहेरी, रिक्षाने वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी मी भावाला नको नको ते बोलले आणि नंतर घरी येऊन रडले. लग्न झालं म्हणजे माणूस आपल्याच घरातून इतका वजा होतो का, हे तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच.

म्हणून मी आमच्या गिरीजच्या समाजाचा ग्रुप कॉम्प्युटरवर घेतला. आता बाबांचं काही झालं तर निदान बाजारात कळायला नको.

त्या ग्रुपवर काय नसतं! लावायला केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपं, हवेत का, सत्यनारायणाला या, कोणाची शेळी बघितली का. आणि कोणी गेलं तर त्याची बातमी. ती टाकायचं काम बाबांच्या चुलतभावाकडे. ते समाजाच्या मंडळाचे सेक्रेटरी, आमचे काका. मी लहान असताना हेच काका सायकल घेऊन वाडीवाडीत निरोप द्यायचे. आमच्याकडे मयताचा निरोप आणणारा माणूस गेटच्या आत येत नाही, बसत नाही, पाणी घेत नाही. बाहेर उभं राहून घरच्या माणसाला नावाने हाक मारतो, सांगतो आणि पुढे जातो. काकांची सायकल गेटाशी थांबली की आई हातातलं काम तसंच टाकायची. आता काका घरात पंख्याखाली बसून अंगठ्याने निरोप देतात.

त्या गुरुवारी अकराची मीटिंग होती. मी घरून एका कुरिअर कंपनीच्या तक्रारी बघते. कोणाचं पार्सल फुटलं, कोणाचं भलत्याच पत्त्यावर गेलं. त्या दिवशी महिन्याच्या तक्रारींचा तक्ता मीच दाखवत होते, म्हणजे माझा स्क्रीन अकरा माणसांसमोर उघडा. मी "नालासोपारा पूर्व, तुळिंज" या ओळीवर आले आणि टुंग वाजलं.

"दुःखद निधन. गिरीज येथील ज्येष्ठ बागायतदार श्री." आणि पुढे माझ्या बाबांचं नाव. बाजूला त्यांचा फोटो. पांढरा शर्ट, टोपी, कपाळाला गंध.

मी वाचलं. परत वाचलं. चौकोन जागेवरून हलला नाही की मला तसं वाटलं, देव जाणे. मला आठवतंय ते एवढंच की मी तुळिंजचा आकडा पूर्ण वाचला. एकशे चौदा, असं मोठ्याने म्हटलं. मग साहेबांचा आवाज आला, "मॅडम, ते आत्ता आलं ते... कोणी ओळखीचे का?"

"माझे वडील," मी म्हटलं. जशी काही ओळख करून देत होते.

कोणीतरी घाईघाईने आपला कॅमेरा बंद केला. मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून उठले. आईला फोन लावला, वाजून वाजून बंद. भावाला लावला, तो बिझी. परत लावला, बिझी. मोठ्या भावजयीला, ती बिझी. म्हणजे खरंच आहे, मी म्हटलं. सगळ्यांचे फोन सगळ्यांना लागलेत, आणि मला पुन्हा कोणी केला नाही. पुन्हा! बाप गेला त्याच्याआधी मला राग आला, हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

खाली आले तेव्हा पायात एक माझी चप्पल आणि एक नवऱ्याची. रिक्षावाल्याला गिरीज म्हटलं. त्याने आरशातून बघितलं आणि काही न विचारता रिक्षा हाणली. रस्ताभर मी कोरडी ठणठणीत. डोक्यात एकच चाललेलं, पाच सेकंद. भरताची कृती पाच सेकंद, नटीचे केस पाच सेकंद आणि बाबाही पाच सेकंद. काकांची सायकल तरी गेटाशी थांबायची.

आमच्या वाडीच्या गेटाशी दहाबारा माणसं जमलेली होती. दोन म्हाताऱ्या डोक्यावर पदर घेऊन पायरीवर बसलेल्या. शेजारची बाई मला बघून उठली आणि गळ्यात पडून मोठ्याने हुंदका देणार, एवढ्यात केळीतून पानं सळसळली आणि बाबा बाहेर आले.

हातात कोयता, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर केळ्यांचा लोंगर. एवढी माणसं दारात बघून ते दचकले. लोंगर हळूच खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

पायरीवरच्या म्हातारीने पदर तोंडात धरला. बाबा एकेकाकडे बघत माझ्यापर्यंत आले, माझ्या पायातल्या दोन चपला बघितल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बाय," ते मला म्हणाले, "जावई बरे आहेत ना?"

"तुम्ही!" मी ओरडले. "तुम्ही गेलात! ग्रुपवर आलंय!"

आणि मग मी खाली बसले ती बसलेच. रडू की हसू काही कळत नव्हतं, तोंडातून भलताच आवाज येत होता. बाबा चिखलाच्या हाताने माझ्या पाठीवर थोपटत होते आणि वर बघून विचारत होते, "मी कधी गेलो? मी तर सकाळपासून केळीत आहे."

आई मागच्या दाराने आली. ती नारळ सोलत होती, फोन आत चार्जिंगला. तिला कशाचाच पत्ता नव्हता. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला आणि पहिलं वाक्य बोलली ते बाबांना, "सांगत होते ना, नसते उद्योग करू नका म्हणून!"

तेवढ्यात काकाच आले. खरोखर सायकलवर, घामाघूम, तोंडावर मेल्याहून मेल्यासारखा भाव. सवयीने गेटच्या बाहेरच उभे राहिले. आई करवादली, "आता आत या की! कोणी मेलेलं नाही इथे."

काकांनी सांगितलं ते असं. मागच्या महिन्यात वाडीतले एक आजोबा गेले. घरच्यांना फोटो सापडेना, तेव्हा काकांनी आधार कार्डावरचाच लावला. माणूस आयुष्यभर रुबाबात वावरला आणि शेवटी बातमीत पकडून आणलेल्या चोरासारखा दिसला. ते बघून समाजातल्या म्हाताऱ्यांनी हाय खाल्ली. एकेक जण स्टुडिओत जाऊन चांगला फोटो काढून काकांकडे आधीच देऊन ठेवायला लागला. काकांच्या फोनमध्ये आता धडधाकट माणसांचे नऊ फोटो आहेत. बाबा त्यांच्या एक पाऊल पुढे. त्यांना फोटो बातमीत लावल्यावर कसा दिसतो तेही बघायचं होतं. काकांनी मजकूर आधी बाबांना वाचायला दिला, मग फोटो लावून बातमी तयार केली, तारखेच्या जागी टिंबं ठेवली, आणि बाबांना पाठवायच्या ऐवजी समाजाच्या ग्रुपवर सोडली.

"तारीख नव्हती ना पण! टिंबं होती! कोणी बघितलीच नाहीत," काका रडकुंडीला येऊन म्हणाले.

माणसाचा फोटो दिसल्यावर टिंबं कोण बघतंय?

"मी ह्याला म्हटलं होतं," काका पुढे म्हणाले, "वृद्धापकाळाने काढतो, अल्पशा आजाराने घालतो. जरा बरं दिसतं. पण हा ऐकेल तर शपथ. म्हणे एक अक्षर हलवायचं नाही, आहे तसंच पाहिजे."

बाबांनी लोंगर उचलून पडवीत नेऊन ठेवला आणि तिथून विचारलं, "फोटो बरा आलाय ना पण?"

समाचाराला आलेल्या सगळ्यांना आईने चहा पाजला. म्हाताऱ्यांनी बाबांना धरून धरून बघितलं. दोन्ही भाऊ कामावरून धापा टाकत आले, आणि बाबांनी सगळ्यांना एकेक फणी केळी बांधून दिली. मी साहेबांना फोन करून सांगितलं की वडील जिवंत आहेत. ते "अभिनंदन" म्हणाले.

संध्याकाळी घरी आले. लॅपटॉप तसाच उघडा होता. ग्रुपवर काकांनी मेसेज केव्हाच काढून टाकला होता, खाली नुसत्या माफ्या आणि हात जोडलेले. म्हटलं, झालं ते झालं, आता सगळी नोटिफिकेशनं एकदाची बंद करू. कोपऱ्यातलं घड्याळ दाबलं, तर बाजूने पट्टी उघडली. त्यात दिवसभराचे चौकोन एकाखाली एक पडलेले. पाऊस, दूधवाला, आज काय बनवताय, आणि त्यांच्याखाली बाबा. ग्रुपवरून गेलेले, माझ्याकडे मात्र तसेच. शेजारी छोटा बाण होता, तो दाबला की उरलेला मजकूर खाली उघडतो. मी दाबला.

"त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे."

मला आधी वाटलं, आणखी खाली असेल. परत बाण शोधला. नव्हता. वाक्य तिथेच संपत होतं.

पत्नी, दोन मुलगे, सुना. मी कुठे आहे? चार वर्षांपूर्वी आलेली धाकटी भावजय त्यात आहे. माझा मुलगा नातवंडांत धरला असेल की तोही नाही? सकाळची बातमी खोटी होती. ही खोटी कशी म्हणू? बाबांनी ती वाचली होती. फोटो काढून दिला होता, वृद्धापकाळ की आजार यावर वाद घातला होता, आणि एक अक्षर हलवायचं नाही म्हणाले होते.

नवरा म्हणाला, "राहिलं असेल चुकून." मी त्याच्यावर अशी खेकसले की तो गपचूप पोळ्या लाटायला गेला.

शुक्रवारभर मी कोणाचा फोन घेतला नाही. शनिवारी सकाळी स्क्रीनचा फोटो मोबाइलवर घेऊन गिरीजला गेले. बाबा पडवीत विड्याची पानं मोजून जुड्या बांधत होते. मी चहालासुद्धा थांबले नाही. मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "बाबा, ह्यात मी कुठे आहे ते दाखवा."

त्यांनी चष्मा लावला. बोट ओळीवरून सरकवत सावकाश वाचलं. शेवटाला आले, परत मागे गेले. पत्नी. दोन मुलगे. त्यांचं बोट "सुना"वर थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"मी दोन वर्षांपूर्वी पण नव्हते," मी म्हटलं. "हॉस्पिटलात होतात तेव्हा. जिवंतपणी नाही आणि मेल्यावर पण नाही. मग मी आहे तरी कोण तुमची?" आवाज चढला होता. चढू दे म्हटलं.

बाबा उठले. आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले ते एक प्लास्टिकची जुनी फाइल घेऊन. आतून एक कागद काढला. लॅमिनेशन केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. माझ्या हातात दिला.

वर "दुःखद निधन". खाली "गिरीज येथील ज्येष्ठ", मग टिंबं. "श्री.", टिंबं. "यांचे दि.", टिंबं, मग "वृद्धापकाळाने निधन झाले." "त्यांच्या पश्चात पत्नी,", टिंबं, "मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे." अक्षरं त्या काळच्या जाड्या मराठी फॉन्टमधली. आणि टिंबं सगळीकडे बरोबर सात सात. मी अजूनही रिकाम्या जागेला सातच टिंबं देते, ऑफिसात त्यावरून हसतात मला.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. सगळ्या वाडीत पहिला. काका जुन्या पाचसहा बातम्या हाताने लिहून घेऊन आले होते, म्हणाले, ह्यांचा एकच साचा करून दे, म्हणजे दर वेळी लिहायला नको. मी एका दुपारी बसून केला. त्या पाचसहा बातम्यांत कुठेच मुली नव्हत्या, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी माझ्या दहा बोटांनी मुलगे, सुना, नातवंडे टायपलं आणि बाबांना हाक मारून दाखवलं. पुढे काकांनी मोठा फोन घेतला तेव्हा तोच साचा फोनवर मीच उतरवून दिला होता. तेव्हा माझं लग्न झालेलं, मूल कडेवर. तेव्हाही नाही दिसलं. एवढ्या वर्षांत समाजात कितीतरी माणसं गेली. त्यांच्या मुली असतीलच ना? सगळ्या मी गाळल्या. देवा रे! मी कागद हातात धरून पायरीवर बसले.

"सेक्रेटरीचा पोरगा दोनदा म्हणाला, नवीन करतो, फुलांची बॉर्डर लावतो," बाबा म्हणाले. "मी नाही करू दिलं. मी सगळ्यांना सांगतो, हे माझ्या पोरीने केलंय. वाडीतल्या प्रत्येक घरी गेलंय. माझ्या वेळी पण हेच लागलं पाहिजे." मग म्हणाले, "वाचलं मी परवा. पण तूच केलेलं ना. तू नसशील असं मनातच आलं नाही."

आईने डोळे पुसले आणि बाबांना म्हणाली, "आणि हॉस्पिटलचं?"

"ते चुकलं," बाबा म्हणाले. "मीच नको म्हटलं होतं पोरांना, कळवू नका म्हणून. तू रडतेस फार." आणि विड्याची पानं परत पहिल्यापासून मोजायला घेतली.

घरी येऊन काकांकडून बाबांच्या बातमीची फाइल मागवून घेतली, पण ती उघडायला मला चार दिवस लागले. बापाच्या मरणाच्या बातमीत आपण जाऊन उभं राहायचं, हे वाटतं तेवढं सोपं नाही. बुधवारी दुपारी उघडली. बाबांचं नाव होतं, फोटो होता, तारखेला सात टिंबं होती. त्यांना हात लावला नाही. "पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे" असं केलं आणि काकांना पाठवलं, वर मोठ्या अक्षरांत लिहून की ग्रुपवर टाकाल तर याद राखा. मुलींसाठी जागा ठेवलेला कोरा साचाही सोबत जोडला.

अर्ध्या तासाने कोपऱ्यात टुंग वाजलं. काका होते. चौकोनात दोनच ओळी होत्या.

"तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. म्हणतात, मुलगी आधी लिही, सगळ्यांत मोठी तीच आहे."

मी फाइल परत उघडली.